रमजान

उद्यमनगरात, प्लेटिंगवाल्याच्या शेजारी,
आठ बाय दहाच्या गाळ्यात
मी कॉम्प्युटर दुरुस्त करते.
पाटीवर अजून 'मगदूम टर्निंग वर्क्स'.
अण्णा गेले, पाटी बदलायची राहिली,
आता गिऱ्हाइकंच म्हणतात टर्निंगवाल्या ताई.

मंगळवारी धोंडीराम सुतार आले.
शिरोलीच्या फाउंड्रीला पॅटर्न करून देतात,
भुवयांवर सागाचा भुस्सा,
एका काखेत जुनं मशीन, दुसऱ्या हातात माझं कोटेशन.
"ह्याच्यावर तीन पॉइंट आठ छापलंय.
तुम्ही देताय दोन पॉइंट चार.
पैसे चढले आन आकडा उतरला?
गुळाच्या सौद्यात तरी असं चालत न्हाई."

मामा, ती नुसती टिकटिक आहे.
आतलं घड्याळ सेकंदाला किती अब्ज ठोके देतं, एवढंच.
एका ठोक्यात काम किती उरकतं
ते खोक्यावर कोण छापतंय?

त्यांनी मान हलवली.
नजर मात्र तीन पॉइंट आठवरच.

कोपऱ्यात अण्णांची लेथ आहे.
तिच्या बेडवर मी राउटर ठेवते, आणि डबा.
चौथीत होते तेव्हा शाळा सुटली की थेट इथं यायचे,
समोरच्या बाबासो खोतांची नवी लेथ बघत बसायचे.
अण्णा, त्यांचा चक आपल्या दुप्पट फिरतो!
अण्णांनी मान वर केली नाही.
"फिरू दे. हवा कापतोय."

खरंच. कास्टिंगचा टेम्पो फाट्यावर अडकलेला,
खोतकाका स्टुलावर तंबाखू मळत,
आणि रिकामा चक गरगर गरगर,
सोबत विजेचा मीटर.

आमचा चक संथ, पण टूल खोल जायचं,
निळी पडलेली चीप वळून वळून खाली यायची.
आणि एक जॉब उतरायच्या आत
रमजान पुढचा रॉड अण्णांच्या गुडघ्याला टेकवून ठेवायचा.
गोदामापर्यंत जायला नको,
हात लांब करायला नको.
आता त्याला कॅश म्हणतात.
तेव्हा रमजान म्हणायचे.

मग मी वर्गभर सांगत सुटले, संथ तेच चांगलं.
तेही चूक.
पितळ आलं की अण्णा पट्टा सरकवायचे
आणि तीच म्हातारी लेथ भिंगरी व्हायची.

सुतारमामांच्या जुन्या मशीनची गोष्ट वेगळी.
त्याच्या कारागिरांनी कामाचे तुकडे इतके बारीक केले
की एकेका ठोक्याला उचलायला काही जडच उरलं नाही.
ठोके वाढले, आकडा फुगला,
आणि पुढच्या कामाचा एक अंदाज चुकला
की भरलेली रांग रिकामी करून पहिल्यापासून.
वर उष्णता एवढी, की पंखा सदानकदा बोंबलतोय.

बोलून भागत नव्हतं.
त्यांचंच ड्रॉइंग घेतलं, पंपाच्या केसिंगचं,
दोन्ही मशीनवर एकामागून एक लावलं.
वेळ त्यांनी धरला, मनगटावरच्या घड्याळात.
ते चार मिनिटं मागं असतं,
पण दोघांनाही सारखंच मागं.

तीन पॉइंट आठ : अकरा मिनिटं.
दोन पॉइंट चार : तीनला थोडी कमी.

प्लेटिंगच्या ॲसिडचा वास आत आला.
मामा बराच वेळ लेथकडे बघत होते, कॉम्प्युटरकडे नाही.
"मग ह्यो आकडा छापतातच कशाला?"
मोजायला सोपा म्हणून.
"व्हय. लाकूड बी फुटावरच इकत्यात.
गाठी घरात नेल्यावर कळत्यात."

मी बिल लिहायला घेतलं.
ते जरा पुढं वाकले, आवाज खाली आणला.
"एक पॉइंट चारनं उतरलाय, ताई.
तेवढं तरी दरात उतरवा की."

दोनशे कमी केले.