हालचाल आढळली

हलमधली टेलिफोनची खोकी लाल नाहीत,
सायीच्या रंगाची आहेत.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यातलं एक अजून उभं आहे.
आत फोन नाही. कुणाची तरी छत्री आहे,
मार्चपासून.

शेजारच्या मॉरीन एक्स्चेंजमध्ये होत्या, बावीस वर्षं.
एका वायरचं टोक दुसऱ्या भोकात खुपसून
अर्ध्या शहराला बोलतं केलं.
ऐकायचात का हो, मी एकदा विचारलं.
मनाई होती, म्हणाल्या. मग चहा ढवळत,
म्हणजे बाहेर सांगायची, एवढंच.

आता एकट्या असतात. सकाळी आठला
स्वयंपाकघराचा पडदा वर करतात.
तो वर गेला की मी तवा उतरवते, रेवतीचा डबा भरते.
आमच्यात हे कधी ठरलेलं नाही.

रात्री दोनला उशाशी फोन उजळतो :
हालचाल आढळली. बैठकीची खोली.
चाळीसगावात साडेसहा.
बाबा दुधाची पिशवी घेऊन येतात, चपला जोडीनं ठेवतात,
आईची खुर्ची जराशी सरकवतात
आणि पुन्हा होती तिथं.
मी इथून त्यांचं टक्कल बघते.
कॅमेरा मीच बसवला दिवाळीत, देव्हाऱ्याच्या वर,
तिथून सगळं दिसतं म्हणून.
देवालाही दिसतं, बाबा तेव्हा म्हणाले,
पण तो फोन करून विचारत नाही
गोळी का चुकली.

गेल्या आठवड्यात रेवतीनं नकाशावरचा
स्वतःचा निळा ठिपका बंद केला.
चौदाची आहे. मी ओरडले.
राग आला की ती इंग्रजीत जाते. तिथूनच म्हणाली,
आजोबांना तू विचारलं होतंस?
विचारलं होतं, मी म्हणाले.
सांगितलं होतं. विचारलं नव्हतं.

त्या रात्री झोप येईना, जूनचा उजेड पडद्यांतून हटेना.
मी साठवलेलं चित्रण मागे मागे नेत बसले
आणि मंगळवारी, दुपारी तीनला,
बाबा खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले,
वर बघितलं, हात केला.
चारलाही. सव्वापाचला पंचा नेसून, ओल्या अंगानं.
बुधवारी पाच वेळा.
त्या सगळ्या वेळांना मी मीटिंगमध्ये,
नाहीतर टेस्कोत कोथिंबीर हुंगत.

फोन लावला.
अगं, तू कधी बघतेस ते मला कुठं कळतं, म्हणाले.
येता-जाता करून ठेवतो.
एखादा पोचत असेल.

कॅमेरा अजून तिथंच आहे.
काढेन असं मी स्वतःशीही म्हटलेलं नाही.

आज आठ वाजून दहा मिनिटांनी
मॉरीनचा पडदा खालीच.
मी सपाता घालून, कणकेच्या हातांनी त्यांच्या दारात.
आधी बेल, मग मूठ आपटत.
काय गं, म्हणाल्या, पडद्याची दोरी तुटली.
मग माझ्या हातांकडे बघून,
तरीच म्हटलं, आज भाजल्याचा वास कसा नाही आला.
मी कोट चढवतच होते.

कोटाचं एक बटण खरंच लावलेलं होतं,
चुकीच्या काजात.
आत गेले. कणीक त्यांच्या दाराच्या मुठीला राहिली.