अकरा नंबरचे मणी

गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवाळीत
शालनची पोत तुटली.
काळे मणी फरशीभर,
एक थेट माझ्या चपलेत.
सोनाराकडे जायला तिला वेळ नव्हता
आणि मला उठता येत नव्हतं.
म्हटलं, आण इकडे. सुई आण, चष्मा आण.

तिथून हे लागलं.

आता जेवणाच्या ताटात जुना टॉवेल अंथरून
दुपारी दोन ते चार बसतो,
इस्लामपुरात, मागच्या खोलीत,
खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात.
बाहेर मगदुमांचा पोरगा बुलेट धुतो,
धुतलेलीच परत धुतो.
मी दोऱ्याला मेण लावतो.
मणी सुईवर आपोआप चढतात म्हणे.
माझ्या सुईवर नाही चढत,
एकेकाची समजूत काढावी लागते.

कोणी आलं की ताटावर पेपर.
कारखान्यातला लेंगरे आला परवा,
विचारतो, काय चाललंय?
म्हटलं, गोळ्या वेगळ्या करतोय. बीपीच्या, साखरेच्या.
तो म्हणाला, अरे बापरे, एवढ्या?

मणी सांगलीहून आणतो.
मारुती रोडला लागून एक बोळ आहे,
तिथं दिलावर मण्यार ग्रॅमवर मोजून देतो.
काचेच्या पेटीत इवलासा काटा,
वाऱ्यानं हलू नये म्हणून.
तरी मोजताना तो पंखा बंद करतो.
पहिल्या खेपेला त्यानं विचारलं, मुलीला का?
मी हो म्हटलं.
तिसऱ्या खेपेला माझी बोटं बघितली, टोचून टोचून खरबरीत झालेली,
आणि काही विचारलं नाही.
काटा बरोबर आल्यावर
चिमूटभर मणी वरून टाकले पुडीत.
चिमटीत धरून, मिठासारखे.

एकतीस हंगाम मीही काट्यावरच होतो.
मोठ्या काट्यावर.
ट्रक चढला की लोखंडी पाट दबायचा,
खालून हुंकार यायचा.
बैल मुतला तर गाडीवान म्हणायचा,
साहेब, आता हे पण कापा वजनातून.
सगळे हसायचे. मी पण.
कापायचं ते आधीच कापलेलं असायचं.
वरून सांगितलेला आकडा खाली लिहायचा
एवढीच माझी नोकरी.
अक्षर चांगलं होतं माझं.
कामेरीचे एक खोत होते, म्हातारे,
पावती उलटी धरून बघायचे
आणि घडी घालून टोपीत ठेवायचे.
"आसंल बरोबर. तुमी लिवलंय म्हंजे."

अकरा नंबरचा मणी त्या काट्यावर ठेवला असता
तर काटा हललाही नसता.
पोतंभर ठेवले असते तर
कदाचित एक टोपी भरली असती,
तीही मी लिहिली नसती.

माळा मी कोणाला विकत नाही.
एक दवाखान्यातल्या सिस्टरला दिली,
एक भाचीच्या पोरीला, तिनं ती कुत्र्याला घातली.
दोन शालनच्या डब्यात आहेत.
हळदीकुंकवाला जाताना तिनं हिरवी काढली,
आरशापुढे थांबली,
बोटानं मोजत गेली, ओठ हलवत:
सात पांढरे, एक हिरवा,
सात पांढरे, एक हिरवा,
सात पांढरे. आठ.
"अहो, इथं चुकलंय. नक्षी मोडली."
म्हटलं, असू दे.
"उसवून देता का? अजून वेळ आहे."
म्हटलं, नको.
मग तिनं दुसरी काढली डब्यातून.
तीही मोजली.
माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ,
आणि हिरवीच घालून गेली.

चार वाजले. उजेड भिंतीवर सरकला.
बुलेट अजून ओली आहे.
पहिल्या दिवसाचा एक काळा मणी
अजून गोदरेजच्या कपाटाखाली आहे.
ताटाशी बसलो की इथून दिसतो.
केरसुणी तिथवर जात नाही.
माझा गुडघाही.