श्रवण सामान्य

राहेच्या दवाखान्यातलं जुनं लोखंडी कपाट
परवा रिकामं करायला घेतलं, आउनेबाई,
आणि तुमच्या अक्षरातलं माझं कार्ड हाती आलं.
तुइरे, वय नऊ. हाक मारली तर ओ देत नाही.
खाली निळ्या शाईत: श्रवण सामान्य.

खरंच होतं ते.
मला सगळं ऐकू यायचं.
समुद्र गोठतानाची कुरकुर,
आईच्या विणकामाच्या सुया,
आणि चार घरं पलीकडे
तारमोच्या होडीघराची कडी.

तारमो गावातल्या होड्यांना डांबर लावायचा.
पोरांना गोळ्या वाटायचा.
प्रार्थनेला सगळ्यांत पुढे बसायचा.
आई म्हणायची, जा, एवढा डबा देऊन ये,
एकटा असतो बिचारा.

त्या दाराच्या आत काय झालं
ते मी इथं लिहिणार नाही.
त्याला एवढ्या ओळी पुष्कळ झाल्या.

तुम्ही जाड दार लावलंत,
कानांवर जड काळे हेडफोन चढवलेत.
आवाज आला की बटण दाबायचं, कळलं?
मी दाबलं.
आवाज नव्हता तेव्हाही दाबलं,
दाबत राहिले, अंगठा पांढरा होईपर्यंत.
काचेपलीकडून तुम्ही बोट हलवलंत:
नाही, नाही, आत्ता काही वाजलेलं नाही.
कार्डावर तेही आहे.
चुकीचे प्रतिसाद, चौदा. लक्ष विचलित.

गाडीत आई म्हणाली, कान ठणठणीत आहेत,
म्हणजे हट्टच आहे हा.

अडतीस वर्षं झाली.
डांबराचा वास आला की मी रस्ता बदलते,
आणि आमच्याकडे तर साबणालासुद्धा डांबराचा वास.
नवरा मागून खांद्यावर हात ठेवतो
आणि मी स्वतःतून निघून छताला चिकटते.
तो सॉरी म्हणतो.
कशाबद्दल, ते त्याला ठाऊक नाही.

एकदा बहिणीला सांगायला गेले.
काइनू, म्हटलं, ते होडीघर आठवतं?
तिनं हातातली बशी पुसली.
मग तीच बशी पुन्हा पुसली.
मी पुढे विचारलं नाही.
कानाडोळा करायला आम्हांला कुणी शिकवलं नव्हतं,
तो घरातच होता, मिठासारखा.

तारमो गेला तेव्हा सगळं गाव जमलं.
आईनं वेलचीचा पाव भाजून नेला.
मीही गेले, बाई.
मीच तो कापला, सगळ्यांना वाढला.
हे मला कुणाला तरी सांगायचं होतं.

आता तुमच्या खुर्चीत मी बसते.
काल एक मुलगा आला, एएली, वय सात.
ओ देत नाही, म्हणून पाठवलेला.
हळूतला हळू आवाजही त्यानं अचूक टिपला.
मग मी काहीच वाजवलं नाही
आणि त्यानं बटण दाबलं.
थांबला. पुन्हा दाबलं.

कदाचित काहीच नसेल.
पोरं खेळतात बटणाशी.
मी यंत्र बंद केलं, दार उघडलं,
फरशीवर बसले, त्याच्या गुडघ्यांहून खाली,
आणि म्हटलं, आत्ता दाबलंस ना,
ते मला दिसलं.

तो माझ्या बुटांकडे बघत राहिला.
बाहेर पुढचा पेशंट खोकला.
मी उठले नाही.

त्याच्या कार्डावरचा तो रकाना
अजून कोरा ठेवलाय, बाई.