पाठ टेकल्यावर

मानाउसमध्ये, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर
अडौतो मास्तरांची चटई आहे.
जिना लोखंडी. खालून पेट्रोलचा वास, वरून घामाचा,
खिडकीत निग्रो नदी,
काळी, संथ, कुणाचंच देणं नसल्यासारखी.

मी बर्फाच्या कारखान्यात. वय एकेचाळीस.
पहिल्या दिवशी त्यांनी जांदिराला समोर बसवलं.
वजन माझ्या निम्मं, आईबरोबर बाजारात कसाव्याचं पीठ विकते.
मी हसलो.
हसू पुरतं संपायच्या आत
माझीच कॉलर माझ्या गळ्याला लागली होती.
"थापट," मास्तर म्हणाले, "हात मोकळाच आहे तुझा."
मोकळा होता. उठत नव्हता.
डोळ्यांपुढे अंधार आला, तेव्हा पोरीनेच सोडलं,
आणि पाणी आणून दिलं.

बापाने शिकवलं होतं : पाठ टेकली की माणूस संपला.
धक्क्यावर हमाल होता तो.
नदी उतरली की फळी उभी व्हायची,
पाठीवर साठ किलो घेऊन तो ती चढायचा.
हात टेकणारा आपल्या घरात जन्मला नाही, म्हणायचा,
आणि ते पटवायला दारं फोडायचा.
एक मीही फोडलंय.
नेउझाने भोकावर कॅलेंडर लावलंय. तीन वर्षांपूर्वीचं.

इथे खेळच पाठ टेकल्यावर सुरू होतो.
छातीवर नव्वद किलोंचा सुतार,
नाकात त्याची दाढी,
आणि मास्तर कोपऱ्यात संत्रं सोलत :
"ढकलू नको. आधी श्वास शोध.
मग कोपर आत. मग कंबर, कोळंबीसारखी, मागे.
वीतभर जागा झाली की पुरे.
वीतभरच मागायची."

आठ महिने मी वीतभर मागत होतो.
मिळायची, जायची.
सराव संपला की फडकं पिळून चटई पुसायची,
ज्याला मार पडला त्यानेही, ज्याने दिला त्यानेही.
कोपऱ्यातली नीट पुसली नाही म्हणून
मास्तरांनी मला दोनदा जिन्यावरून परत बोलावलं.
दुसऱ्यांदा मी शिवी गिळली. पहिल्यांदा नाही.

मुकादम फेलिझार्दोने पगार कापला त्या दिवशी
मी कोपर आत घेतलं, हवेतच.
तो म्हणाला, थंडी वाजते का?
मी म्हणालो, हो.
बर्फाच्या खोलीत ते खोटं नव्हतं.

मग बापाला झटका आला.
उजवी बाजू गेली, वाचा गेली.
आता तो पाठीवर. दिवसरात्र.
पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची,
आणि परिचारिका आठवड्यातून एकदाच येते.
पहिल्या रात्री मी त्याला उचलायला गेलो, पोत्यासारखं.
त्याच्या घशातून आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या रात्री मी गुडघा गादीवर टेकवला,
त्याचा खांदा माझ्या छातीशी घेतला,
त्याची कंबर वीतभर मागे, मग माझी, मग त्याची.
हा डाव मला येत होता.
फक्त इथे सुटायचं दोघांनी होतं.

त्याला सांगितलं : दुखलं की डाव्या हाताने दोनदा थापट, मी थांबेन.
त्याने भिंतीकडे पाहिलं.
सहा आठवडे भिंतीकडेच पाहिलं.
जबडा आवळलेला, डोळ्यांत पाणी, हात चादरीवर दगड.
मला तो हात ओळखीचा होता.

काल, पहाटे तीनच्या सुमारास,
त्याला वळवताना दंडावर काहीतरी लागलं.
वाटलं डास.
पुन्हा लागलं.

मी थांबलो.
तसाच, अर्ध्यात, त्याचं वजन अंगावर घेऊन,
खाली कुठल्यातरी बोटीचं इंजिन सुरू होईना, विझेना.
किती वेळ, सांगता येणार नाही.
त्याने हात काढला नाही.

सकाळी कपडे धुतले. या दमट हवेत ते वाळत नाहीत,
ओलेच घालून सहाला जिना चढलो.
जांदिराने कॉलर धरली, नाक मुरडलं, म्हणाली,
वास येतो तुझा.
मी पाठ टेकली.