सीटबेल्टचा शेवटचा हात

उद्यमबागेत लेथवर बावीस वर्षं काढली.
एका केसाचे दहा भाग करा,
त्यातला एक जास्त झाला तरी माल परत येतो,
एवढं मला कळतं.
आणि गाडी घेताना मी काय बघितलं?
रंग.

पांढरी. निपाणीच्या अलीकडं, हायवेला लागून,
पत्र्याच्या शेडखाली, गळ्यात झेंडूची माळ घालून
जणू आमचंच स्थळ बघायला बसलेली.
इरगोंडा म्हणाला, "डॉक्टरची गाडी हाय, मालक.
दवाखाना ते घर, घर ते दवाखाना."
मीटरवर एकतीस हजार.
क्लचचं पेडल मात्र झिजून
देवळाच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत.
मी त्यावर पाय ठेवला
आणि गुळगुळीत आहे म्हणून खूश झालो.

भारता मागं बसून एवढंच बोलली,
"डॉक्टराच्या गाडीत इतकी अगरबत्ती?"
मी म्हटलं, भाविक असंल.

दस्तगीरला बरोबर न्यायचं ठरलं होतं,
खरं शुक्रवार होता, त्याची नमाज,
आणि इरगोंडाचा फोन सारखा वाजत होता:
दुसरं गिऱ्हाईक संकेश्वरपर्यंत आलंय.
(ते अजून संकेश्वरातच असेल.)
मी दहा हजार कमी करून घेतले.
बापजन्मात एवढा हुशार कधी वाटलो नव्हतो.

तवंदीच्या घाटात गाडी खाली उतरत होती
आणि काटा वर चढत होता.

मग पाटी. एम एच, शून्य नऊ.
सीमा आम्ही जन्मापासून ऐकतोय,
सभेत, दुकानांच्या फलकांवर, सोयरिकीच्या बैठकीत.
तिचा दर पहिल्यांदा रुपयांत समजला:
कोल्हापूरची ना-हरकत, इथला टॅक्स,
एजंटचा चहा, एजंटच्या मेव्हण्याचा चहा.
फॉर्म कन्नडात. लेक शाळेत शिकते म्हणून
तिला शेजारी बसवलं.
ती बोट ठेवून वाचत गेली, एका ओळीशी थांबली.
"हिंदिन मालीक. म्हणजे मागचा मालक, बाबा."
मी उगाच आरशात बघितलं.
मागच्या सीटवर कुणी नव्हतं.

दस्तगीरनं बॉनेट उघडलंच नाही.
आत बसला, दार लावलं,
आणि सीटबेल्ट ओढायला लागला,
आडातनं दोर ओढावा तसा, हातावर हात,
कमरेला लागतो तेवढा, त्याच्या पुढं,
कुणी कधी ओढत नाही तिथपर्यंत.
शेवटच्या हातभर पट्ट्यावर
वाळलेल्या गाळाची रेघ.
आमच्या मशीनवर आखावी तशी सरळ.

"पाण्यातली हाय," तो म्हणाला.
"नदी कुठली का असंना,
इथवर आल्ती." आणि माझ्या छातीवर
आडवा तळवा ठेवला.

स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती निघाली,
आणि तीन किल्ल्यांचा जुडगा.
कुठल्या कुलपाच्या, ती कुलपं आहेत का,
कुणाला विचारायचं?
इरगोंडाचा नंबर आता लागत नाही.
भारतानं किल्ल्या घासून देव्हाऱ्याखाली ठेवल्यात.
टाकवत नाहीत म्हणाली. मी काही बोललो नाही.
पाण्यानं त्या माणसाचं काय काय नेलं असेल,
माझे तर नुसते पैसे गेले.
(नुसते म्हणायला जीभ अजून वळत नाही,
हप्ता पाच तारखेला असतो.)

परवा कडोलीचा एक पोरगा आला.
नवी नोकरी, नवा शर्ट, खिशात बापाचा चेक.
गाडीभोवती एक फेरी मारली
आणि म्हणाला, "कलर मस्त हाय, मामा. किती पळलीय?"

तोंडात आलं होतं, दवाखाना ते घर.
खरंच आलं होतं. जिभेच्या टोकावर,
अगरबत्तीच्या वासासकट.

मी दार उघडलं. म्हटलं, बस.
तो पट्टा धर.
ओढ.
एवढ्यात थांबू नको, कुणीही एवढ्यात थांबतं.
अजून ओढ.