आठापैकी सात

बाबा गेले तेव्हा गॅरेजच्या भिंतीवर
सदतीस खिळे होते, आणि प्रत्येकाला काहीतरी लटकलेलं.
कोंबड्यांच्या पाण्याला हेडलाइटची वाटी,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून क्रँकशाफ्टचा तुकडा.
रोसारिओत तेव्हा याला कुणी संग्रह म्हणत नव्हतं.
भंगार म्हणत. आईसुद्धा.

ज्याला जे लागेल ते त्यानं काढून न्यावं,
टेबलावर एक किलो येर्बा ठेवावी,
आणि बसून त्यातली बरीचशी
बाबांच्याच भोपळ्यातून पिऊन जावी.
डॉन एलादिओचा भाव एवढाच.

मग मोंतेविदेओच्या बंदरात कंटेनर लागले.
कुंपणांतून, खुराड्यांतून, निलगिरीच्या राईतून
अख्ख्या गाड्या उठून युरोपला गेल्या.
आमच्या कोंबड्या महिनाभर
त्याच रिकाम्या जागी अंडी घालत राहिल्या, उघड्यावर.
मागे राहिले ते सुटे भाग.
आणि सुटा झाला की जो तो भाव खातो.

माझ्याकडे एक होतं, तेलकट कागदात:
अठ्ठावीस सालच्या हपमोबाईलच्या डिस्ट्रिब्युटरची बॉडी,
कधीच न बसवलेली, कारखान्याचा शिक्का तसाच.
ती हवी होती वॉशिंग्टन ओलिवेराला.
(हो, वॉशिंग्टन. आमच्याकडे आईबाप
पोराला नाव देताना हात आखडत नाहीत.)
दूध संघाचा टँकर चालवायचा तो,
आणि अकरा वर्षं रात्री ती एक गाडी जोडायचा.

मी म्हटलं, तीनशे डॉलर.
तो मान हलवून गेला, जमवायला.
तेवढ्यात रॉटरडॅमहून कुणीतरी नऊशे कळवले.
मी खोटं बोलले नाही, तेच तर वाईट.
पत्र त्याच्यापुढे धरलं.
तो पुन्हा गेला. दोन कालवडी विकल्या,
नऊशे घेऊन आला, संघाच्या पगाराच्या पाकिटात,
आणि तोवर ओहायोच्या एका लिलावात
असाच एक तुकडा चोवीसशेला गेला होता.
"थोडं थांबू या," मी म्हटलं.
थांबू या!
जणू आम्ही दोघं टेबलाच्या एकाच बाजूला होतो.

या ऑगस्टात, दमट थंडीत, फोटो काढायला म्हणून
मी कागद उलगडला.
उकडलेला बटाटा सालीतून फुटावा
तशी ती जागजागी फुटली होती.
अंगठा लावला, तर कड निघून आली,
करडं पीठ.
डेट्रॉइटला कुणीतरी जस्त ओतताना
शिशाचा चुकार थेंब पडू दिला असेल.
तो थेंब आत बसून नव्वदहून जास्त वर्षं
आपलं काम करत होता.
मी भाव वाढायची वाट पाहत होते,
त्याला भावाशी देणंघेणं नव्हतं.

निरोप मीच धाडला.
वॉशिंग्टननं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं,
फुंकर येऊ नये म्हणून श्वास रोखून.
"मापं घेता येतील," म्हणाला. "कितीला देतेस, नेलिदा?"
मला एकही आकडा आठवेना.
त्यानं चुरा त्याच कागदात गुंडाळला,
टेबलावर येर्बा ठेवली, अर्धा किलो.
बसला नाही.

जुने पिस्टन वितळवून त्यानं परसातच एक ओतली.
वाकडी नाही म्हणता येणार. पण केसभर इकडे तिकडे.
आता दर रविवारी, चर्च सुटायच्या वेळी,
हपमोबाईल माझ्या दारावरून जाते,
काळी, चकचकीत, मागे पोरांचं लटांबर.
लोक म्हणतात, काय झकास चालते!
मी हातातला पाना खाली ठेवून मोजते.
सात ठोके नीट पडतात.
आठव्या जागी इंजिन नुसतं आवंढा गिळतं.

ते अर्धा किलोचं पुडकं
मी सदतिसाव्या खिळ्याखाली ठेवलंय, न फोडता.
येर्बाही महागलीय म्हणतात, गेल्या महिन्यापासून.