त्रेचाळीस नंबर

चौथ्या दिवशी आम्ही खिडक्या मोजणं सोडलं.
आधी तळमजल्याच्या गेल्या,
मग जिन्याच्या वळणावरची.
गुदाउरीला बर्फ वरून पडत नाही,
आडवा येतो,
थकलेली उधारी मागायला आल्यासारखा.

खिंडीत अठरा ट्रक अडकलेत, संत्र्यांचे म्हणतात.
लिफ्टचा दोर थांबलाय.
पाळणे रिकामेच झुलताहेत, दिसत नाहीत,
नुसते करकरतात.

वर लॉबीत पाहुणे पत्ते खेळतात.
तासाला कोणीतरी खाली येतं:
लिफ्ट कधी सुरू होणार?
वारा पडला की.
वारा कधी पडणार?
झाउरकाकाला विचारा,
असं मी परवापर्यंत म्हणत असे.

एकवीस हिवाळे तो लिफ्टच्या तळाशी उभा राहिला.
येणाऱ्या पाळण्याला तळहात लावायचा,
बुजऱ्या खोंडाच्या पाठीवर ठेवावा तसा.
दुसऱ्या रात्री फावडं घेऊन बाहेर गेला,
दार मोकळं केलं, आत आला,
बूट काढले,
आणि टोपी काढता काढता राहून गेला.

त्याचं गाव खाली, नदीकाठी.
बायको तिथे पुरलेली,
तिच्या दगडावर त्याचंही नाव कोरून ठेवलंय,
जन्मसाल, एक आडवी रेघ,
पुढे कोरं.
तिथवर रस्ता नाही. सध्या कुठवरच नाही.

म्हणून तो माझ्या दुकानात आहे,
भाड्याच्या स्कींच्या खोलीत,
दोन टेबलं जोडून, हीटर बंद करून.
भोवती एकशे चाळीस जोड बूट,
नंबरवार.
मी माणसं नंबरानंच ओळखते.
झाउरकाका त्रेचाळीस, डावा पाय किंचित मोठा.

रात्री लामारा सोबतीला बसते.
दाराखालून वारा येऊन मेणबत्ती विझवतो,
ती पुन्हा लावते, शिव्या देते,
वाऱ्याला की त्याला, विचारलं नाही मी.
मुर्तझ भटारखान्यातून पाव आणतो,
त्यावर वाइनचे दोन थेंब सांडतो,
उरलेली बाटली मात्र सांडत नाही.

पाहुण्यांना कळू द्यायचं नाही.
सुट्टीवर आलेत बिचारे, मॅनेजर म्हणाला.

आज सकाळी एक मुलगी आली,
बत्तीस नंबर चावतो, म्हणाली.
मी तेहतीस शोधत होते,
तोवर ती दारातून आत बघत होती.
या आजोबांना थंडी नाही वाजत?
सवय आहे त्यांना.
मग बूट का नाही घातले?

एकशे चाळीस जोड. मी काहीच बोलले नाही.
तिनं तेहतीस घातले,
दोन पावलं चालून पाहिली, गेली.

त्याचे बूट दाराशीच होते.
तळाला दुसऱ्या रात्रीचा बर्फ, तसाच,
तेव्हापासून त्या खोलीत काहीच वितळलेलं नाही.
काठीनं खरवडला.
उजवा सहज गेला.
डाव्याला वेळ लागला. नाड्या अर्ध्या सोडाव्या लागल्या,
टाच धरून, गुडघा टेकून,
जसं रोज पन्नास अनोळखी लोकांना घालते.

दुपारी वारा पडला.
बर्फ दाबायचं यंत्र घरघरत दारापाशी आलं,
मागच्या लोखंडी पाटावर लामारानं
स्वतःचं घोंगडं अंथरलं.
आम्ही चौघांनी त्याला उचललं.

इंजिनाचा आवाज वर पोचला असावा.
लॉबीत टाळ्या वाजल्या.
त्यांना वाटलं, लिफ्ट सुरू झाली.